तासाला आठच

आमच्या हौशी रेडिओ क्लबने संघ म्हणून स्पर्धेत उतरायचे ठरवले, त्या बैठकीत अँटेना कोणी उभारायची यावर तासभर चर्चा झाली. नियमावली कोणी वाचायची यावर मात्र अर्धे मिनिटही गेले नाही. मी त्या दिवशी उशिरा पोहोचलो होतो, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उरलेले काम येते, त्या न्यायाने ती माझ्याकडे आली. तोपर्यंत मी अशा, ठरल्या वेळात रेडिओवरून जास्तीत जास्त हौशी केंद्रांशी संपर्क साधण्याच्या, स्पर्धांत अनेकदा भाग घेतला होता, पण एकट्याने आणि बहुतेक वेळा फावल्या वेळात. एकट्याने खेळताना नियम माहीत असला काय आणि नसला काय, चुकीची शिक्षा स्वतःपुरती असते. संघाच्या लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, माझी चूक दुसऱ्याच्या खात्यावर मांडली जाते आणि दुसऱ्याची माझ्या, ही गोष्ट मला त्या पाठोपाठच्या चार महिन्यांत हळूहळू कळत गेली.

आम्ही निवडलेली स्पर्धा म्हणजे सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स. तिचा ध्वनीसंभाषणाचा भाग ऑक्टोबरच्या आणि मोर्सचा भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होतो. शनिवारी यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, ०० वाजता सुरू होऊन रविवारी २३ वाजून ५९ मिनिटांपर्यंत, म्हणजे सलग ४८ तास. बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सींचे पट्टे, सहा : १.८, ३.५, ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झ. प्रत्येक संपर्कात सिग्नलचा अहवाल आणि आपल्या झोनचा क्रमांक द्यायचा, समोरच्याचा घ्यायचा. जगाचे असे ४० झोन केलेले आहेत. दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी संपर्क झाला तर तीन गुण मिळतात, स्वतःच्या देशातल्या केंद्राशी झाला तर शून्य. तरी त्या शून्य गुणांच्या संपर्कातूनही त्या बँडवर नवा झोन किंवा नवा देश हाती लागत असेल तर तो गुणक म्हणून जमा होतो. शेवटी एकूण गुणांना एकूण गुणकांनी गुणायचे. त्यामुळे एक हजार गुण आणि दोनशे गुणक असलेल्या लॉगमधून दहा गुण गळाले तर ती घट दहाची नसते, दोन हजारांची असते. ही साधी बेरीज-गुणाकाराची गोष्ट मी बैठकीत फळ्यावर मांडली, तेव्हा नियमावलीकडे पाहण्याची सर्वांची नजर जरा बदलली असे मला वाटले. ते वाटणे फार टिकले नाही, पण तो भाग पुढे येईल.

पहिली अडचण नियमांच्या अज्ञानाची नव्हती, भलत्याच नियमांच्या ज्ञानाची होती. आमच्यातला प्रत्येक जुना सदस्य कोणत्या ना कोणत्या स्पर्धेतून तयार झालेला होता आणि तिथला नियम त्याला निसर्गनियमासारखा वाटत होता. एकाचे ठाम म्हणणे होते की संघात पाचांहून अधिक जण चालत नाहीत आणि संघाची नोंदणी स्पर्धा सुरू होण्यापूर्वी करावीच लागते. तो नियम खरा आहे, पण तो नॉर्थ अमेरिकन क्यूएसओ पार्टीचा : तिथे एकेकट्याने खेळणाऱ्यांचे जास्तीत जास्त पाच जणांचे संघ असतात आणि ते आधी जाहीर करावे लागतात. दुसऱ्याला पस्तीस मैलांची मर्यादा आठवत होती. तीही खरी, पण ती अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या संलग्न क्लबांच्या स्पर्धेतल्या सर्वांत लहान गटाची आहे, जिथे तीन ते दहा लॉग आणि पस्तीस मैल त्रिज्येचे वर्तुळ अशी अट असते. त्याच्या वरच्या गटासाठी ते वर्तुळ १७५ मैलांचे होते, आणि ५१ किंवा अधिक लॉग पाठवणारे क्लब तिसऱ्याच गटात जातात. आमच्या स्पर्धेत यांपैकी काहीच लागू नव्हते. इथे क्लबची बेरीज म्हणजे सदस्यांनी पाठवलेल्या लॉगांच्या गुणांची बेरीज, ध्वनी आणि मोर्स दोन्ही भाग मिळून. यादीत नाव यायला किमान चार लॉग हवेत. क्लब स्थानिक हवा, राष्ट्रीय संघटना चालत नाही. सदस्य ठरलेल्या क्षेत्रात राहणारा हवा. आणि प्रत्येक लॉगच्या मथळ्यात क्लबचे नाव पूर्ण लिहिलेले हवे.

हे शेवटचे कलम वाचताना क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात मी सदस्यांचे जुने लॉग मागवून पाहिले तेव्हा आमच्या क्लबच्या नावाची पाच रूपे सापडली : कोणी आद्याक्षरे लिहिली होती, कोणी ‘सोसायटी’ गाळली होती, एकाने क्लबच्या नावाच्या जागी क्लबचे कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे अक्षर-अंकी ओळखनाव, टाकले होते. यांतले काही तपासणाऱ्यांनी ओळखून घेतलेही असेल, पण त्यांनी ओळखून घ्यावे अशी अपेक्षा ठेवणे मला पटेना. मी नावाची एकच ओळ तयार करून सर्वांना पाठवली आणि ती टंकू नका, जशीच्या तशी चिकटवा, असे बजावले.

मग आला खरा प्रश्न, ज्यावर आमचे मतभेद झाले. क्लबची बेरीज लॉगांवर अवलंबून असेल, तर सगळे चांगले ऑपरेटर एका केंद्रावर गोळा करून एकच मोठा लॉग करावा, की प्रत्येकाने घरून खेळून अनेक लहान लॉग पाठवावेत? आकड्यांचा विचार केला तर दुसरा मार्ग बहुधा वरचढ ठरतो, कारण पाच जण पाच केंद्रांवर एकाच वेळी बोलू शकतात आणि एका केंद्रावर ते आळीपाळीने बोलतात. तरीही आम्ही मधला मार्ग घेतला. आमच्याकडे नव्याने परवाना मिळालेले काही जण होते, ज्यांच्याकडे घरी धड अँटेना नव्हती आणि ज्यांनी पाइलअप, म्हणजे एकाच केंद्राला अनेकांनी एकाच वेळी दिलेल्या हाकांचा गलका, फक्त ऐकलेला होता, हाताळलेला नव्हता. त्यांच्यासाठी अनुभवी माणसाच्या शेजारची खुर्ची हीच शाळा. म्हणून तिघे आणि शेजारच्या क्लबमधले दोन पाहुणे क्लबच्या केंद्रावर, बाकीचे घरी, अशी विभागणी झाली. पाहुण्यांमुळे आणखी एक हिशेब आला : अनेक ऑपरेटरांच्या केंद्राचे गुण त्यांच्या क्लबांमध्ये सहभागी सदस्यांच्या प्रमाणात वाटता येतात, म्हणजे पाचांपैकी तीन आमचे असतील तर साठ टक्के आमचे. काहींना हे घाट्याचे वाटले. त्या दोन पाहुण्यांपैकी एकाने शनिवारी पहाटे जे ऐकले आणि नोंदवले, ते आमच्यातल्या कोणालाही साधले नसते, एवढेच मी त्यावर म्हणेन.

केंद्रासाठी आम्ही दोन ट्रान्समीटरचा गट निवडला. या गटात एका क्षणी दोन सिग्नल हवेत असू शकतात, पण वेगवेगळ्या बँडवर. एकाच बँडवर दोन कधीही नाहीत. एका केंद्राशी एका बँडवर एकदाच गुणाचा संपर्क, मग तो कोणत्याही ट्रान्समीटरवरून होवो. सगळे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या एका वर्तुळात किंवा परवानाधारकाच्या जागेच्या हद्दीत हवेत आणि अँटेना त्यांना तारेने जोडलेल्या हव्यात. प्रत्येक ट्रान्समीटरला घड्याळाच्या एका तासात, म्हणजे ०० ते ५९ या मिनिटांत, जास्तीत जास्त आठ वेळा बँड बदलता येतो. एका बँडवरून दुसऱ्यावर जाऊन परत येणे हे दोन बदल धरले जातात. आणि कोणता संपर्क कोणत्या ट्रान्समीटरवरून झाला, हे लॉगच्या प्रत्येक ओळीत शेवटच्या, ८१व्या स्तंभात शून्य किंवा एक लिहून दाखवावे लागते.

यांतल्या पहिल्या नियमाची आम्ही इतकी काळजी घेतली की बाकीच्यांसाठी मनात जागाच उरली नाही. दोन ट्रान्समीटर शेजारी शेजारी चालवताना नियमाआधी भौतिकशास्त्रच आडवे येते : ७ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याच्या सिग्नलचे गुणित १४, २१ आणि २८ वर पडतात, म्हणजे नेमके तिथेच जिथे दुसरा सहकारी कान लावून बसलेला असतो. आम्ही दोन शनिवार फिल्टर बसवण्यात, अँटेना एकमेकींपासून लांब नेण्यात आणि अर्थिंगच्या जोडण्या पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवले. दोन्ही रेडिओ एकाच बँडवर गेले तर दुसऱ्याचे प्रसारण आपोआप अडेल अशी सोयही केली. दोन्ही संगणकांची घड्याळे यूटीसीशी जुळवली. बँडबदलांच्या मर्यादेसाठी काय केले? लॉगिंगचे सॉफ्टवेअर पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दाखवते, तो बघत जा, असे मी सांगितले. बस.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक प्रसंग घडला, तो इथेच सांगून टाकतो. घरून खेळणाऱ्या एका सदस्याने उत्साहाने संदेशाचा मसुदा तयार केला होता : आम्ही अमुक वेळी अमुक फ्रिक्वेन्सीवर असू, सर्वांनी क्लस्टरवर (कोणते केंद्र कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते कळवणाऱ्या जाळ्यावर) आमचा स्पॉट, म्हणजे तशी सूचना, टाकत राहावा. हेतू निर्मळ होता. पण या स्पर्धेत स्वतःचा स्पॉट स्वतः टाकणे जसे वर्ज्य आहे, तसेच दुसऱ्याला तो टाकायला सांगणेही वर्ज्य आहे. मी तो संदेश जाण्यापूर्वी थांबवू शकलो, याचे श्रेय माझ्या दक्षतेला नाही. त्याने शुद्धलेखन तपासायला म्हणून तो माझ्याकडे पाठवला होता.

त्या ४८ तासांचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ते अनुभवले आहेत त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांनी नाही त्यांना दुसऱ्याच्या निद्रानाशात रस वाटण्याचे कारण नाही. फक्त शनिवारी दुपारचा एक तास आवश्यक आहे. १४ वाजता सुरू झालेल्या त्या तासात दुसऱ्या ट्रान्समीटरवर बसलेला सहकारी गुणक शोधत होता आणि अर्ध्या तासात त्याने पाच वेळा बँड बदलला. साडेचौदाला पाळी बदलली. उठणाऱ्याने बसणाऱ्याला फ्रिक्वेन्सी सांगितली, अँटेनाची दिशा सांगितली, कोणती केंद्रे अजून मिळालेली नाहीत ते सांगितले. पाच बदल होऊन गेले आहेत हे सांगितले नाही. नव्या माणसाने आपला तास आपण बसलो तेव्हा सुरू झाला असे धरले आणि चार वेळा बँड बदलला. पाच आणि चार नऊ. नववा बदल १४ वाजून ४६ मिनिटांनी झाला. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा तिथेच होता, पण कानांवर हेडफोन आणि समोर पाइलअप असताना कोपऱ्याकडे कोण पाहते?

सोमवारी संध्याकाळी लॉग तपासताना मला ते दिसले. नवव्या बदलानंतर तासाच्या अखेरपर्यंत त्या बँडवर अकरा संपर्क होते आणि त्यांतले दोन नवे देश होते. लॉग पाठवायला मुदत पाच दिवसांची असते, म्हणजे शुक्रवारी २३ वाजून ५९ मिनिटांपर्यंत. मी सर्वांना बोलावले.

त्या बैठकीत चार सूचना आल्या आणि चारही सूचना करणारी माणसे सरळ होती, हे मुद्दाम नोंदवतो. पहिली सूचना : आहे तसे पाठवावे, कोणी पाहणार नाही. ही टिकली नाही, कारण बँडबदल मोजणे हे यंत्राचे काम आहे, आणि या स्पर्धेचे लॉग नंतर सर्वांना पाहायला खुले होतात. दुसरी : नवव्या बदलानंतरचे पहिले काही संपर्क १५ वाजल्यानंतरचे म्हणून दाखवावेत, चौदा मिनिटांनी काय होते? सुचवणाऱ्याला ही घड्याळाची दुरुस्ती वाटत होती. मला ती सरळ खोटी नोंद वाटली, आणि शिवाय समोरच्या अकरा केंद्रांच्या लॉगमध्ये खरी वेळ होतीच. तिसरी : ते अकरा संपर्क पुसून टाकावेत. ही सूचना सर्वांत प्रामाणिक वाटली आणि बहुतेकांनी होकारही दिला होता. पण लॉगची तपासणी ही दोन्ही बाजू ताडून होते. आम्ही संपर्क पुसला तर समोरच्याच्या लॉगमधला तोच संपर्क ‘दुसऱ्याच्या लॉगमध्ये नाही’ असा ठरतो, त्याचे गुण जातात आणि वर त्याला दंडही बसतो. म्हणजे चूक आमची आणि शिक्षा त्या अकरा परक्या माणसांना, ज्यांनी आमच्या हाकेला ओ देण्यापलीकडे काही केले नव्हते. चौथी सूचना गट बदलण्याची होती : कितीही ट्रान्समीटरच्या गटात गेलो तर बँडबदलांची ही अट उरत नाही. ते नियमात बसत होते, पण सहाही बँडवर एकाच वेळी सिग्नल असणाऱ्या केंद्रांच्या रांगेत आम्ही दोन रेडिओ घेऊन उभे राहिलो असतो.

तोड निघाली ती लॉगच्या फाइलच्या रचनेतच. ही फाइल कॅब्रिलो नावाच्या ठरलेल्या साच्यात असते आणि तिच्यात प्रत्येक संपर्काची ओळ ‘क्यूएसओ’ (म्हणजे संपर्क) या शब्दाने सुरू होते. त्याऐवजी ती ‘एक्स-क्यूएसओ’ने सुरू केली, तर तो संपर्क आम्हाला धरला जात नाही, पण समोरच्याला त्याचे पूर्ण श्रेय मिळते. नियम बनवणाऱ्या कोणीतरी नेमक्या आमच्यासारख्या फजितीचा आधीच विचार करून ठेवला होता, याचे मला त्या संध्याकाळी फार अप्रूप वाटले. अकरा ओळी तशा केल्या. मग लक्षात आले की १५ वाजता तो ट्रान्समीटर त्याच बँडवर होता, म्हणजे मधले संपर्क बाजूला काढल्यावर त्या बँडवर येण्याचा बदल पुढच्या तासाच्या खात्यात पडतो. त्या तासात सहा बदल होते, सात झाले. मी तो हिशेब दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतला, कारण एव्हाना माझा स्वतःच्या मोजण्यावर विश्वास उरला नव्हता.

याच बैठकीत दुसरा वाद उभा राहिला आणि तो मला अधिक कठीण गेला. लॉगमधली काही कॉलसाइने उघडच चुकीची दिसत होती. एक अक्षर इकडचे तिकडे. एका सदस्याने लगेच संगणकावर शोध सुरू केला आणि ‘हा बघा, हा माणूस खरा असा आहे’ असे म्हणाला. स्पर्धा संपल्यावर कोणताही डेटाबेस, ध्वनिमुद्रण, ईमेल किंवा अन्य साधन वापरून नोंदवलेली कॉलसाइने सुधारण्याला नियमात स्पष्ट मनाई आहे. त्याचा युक्तिवाद असा होता की आपण सत्याकडेच चाललो आहोत, खोटे तर काही लिहीत नाही. त्याला उत्तर देताना मला बराच वेळ लागला. स्पर्धा संपर्काच्या सत्यतेची नाही, त्या क्षणी कानाने काय टिपले याची आहे. चुकीचे टिपलेले नंतर बरोबर लिहिले तर लॉग अधिक खरा होत नाही, ऑपरेटर अधिक चांगला दिसतो, एवढेच. त्याने ते मान्य केले, की तो नुसता थकला होता, हे मला अजून माहीत नाही. आम्ही मथळा दुरुस्त केला, ऑपरेटरांची नावे भरली, क्लबच्या नावाची ओळ चिकटवली आणि गुरुवारी रात्री लॉग पाठवला. दुहेरी संपर्क तसेच ठेवले. ते आपोआप वगळले जातात आणि त्यांना दंड नसतो.

निकालाबरोबर तपासणीचा अहवाल आला, तो मी छापून क्लबमध्ये नेला. चुकीच्या टिपलेल्या कॉलसाइनांची यादी होती. तिच्यात सर्वाधिक नोंदी माझ्या पाळीतल्या होत्या, आणि नियमावली मी वाचली होती याचा त्या यादीवर काही परिणाम झालेला नव्हता. ज्या कॉलसाइनांवरून वाद झाला होता त्यांतली दोन, आम्ही चुकीची समजत होतो ती, बरोबर निघाली. शोध घेऊन ‘सुधारली’ असती तर आम्ही ती स्वतःच्या हाताने बिघडवली असती.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात सापडली. बाजूला काढलेल्या अकरा संपर्कांत जे दोन नवे देश होते, त्यांतल्या एका केंद्राने शनिवारी संध्याकाळी त्याच बँडवर आम्हाला पुन्हा हाक दिली होती. तेव्हा बसलेला ऑपरेटर आमच्यातला सर्वांत नवा. पडद्यावर ‘आधीच झालेला संपर्क’ अशी सूचना येत असतानाही त्याने वाद घातला नाही, अहवाल दिला, झोन घेतला आणि नोंद केली, कारण कोणीतरी त्याला सांगितले होते की ‘तुमचा संपर्क झाला आहे’ हे पटवण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा पुन्हा संपर्क करणे लवकर होते. पहिली नोंद बाद झाल्यामुळे ही दुसरी ग्राह्य धरली गेली, आणि तो देश आमच्या खात्यात राहिला.

पुढच्या वर्षी मी प्रत्येक रेडिओसमोर एक कागद डकवला. त्यावर ४८ ओळी, प्रत्येक ओळीत आठ चौकटी; बँड बदलला की एका चौकटीवर काट मारायची. सॉफ्टवेअर जे दाखवते तेच पेन्सिलीने पुन्हा करणे थोडे हास्यास्पद आहे हे मला मान्य आहे, आणि पहिल्या रात्री त्यावरून माझी पुरेशी थट्टाही झाली. रविवारी पहाटे चार वाजता पाळी बदलताना मी शेजारी चहा पीत उभा होतो. येणाऱ्याने हेडफोन हातात घेतला, फ्रिक्वेन्सी विचारली नाही, अँटेनाची दिशा विचारली नाही. ‘किती झाले?’ एवढेच विचारले, आणि उठणाऱ्याने न बोलता कागदावर बोट ठेवले.